मिठाचा शेक

९ मार्च २०२५

तर माझं नाव निघालं की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस. स्नेहलने सांगितलं मला. बाबा, तो टीव्ही मी रिक्षा चालवायचो तेव्हा मीच आणलाय, एवढं तरी ध्यानात ठेव. फोन केला तर ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देतोस. पोटच्या पोराचा राँग नंबर. येत्या मे महिन्यात दोन वर्षं होतील. चार माणसांत मारलंस ते मारलंस, वर रुसून पण तूच बसलायस. मार मी खायचा आणि समजूत पण मीच काढायची, हा कुठला न्याय?

म्हणून आता कागद घेतला. माझं अक्षर तुला माहीत आहे, आठवीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे. स्नेहल वाचून दाखवेल. ती धाकटी बहीण असून माझ्यावर ओरडते, तुझ्यावर पण ओरडू दे.

त्या दिवसाचं एकदाच सांगतो. मिठागर शेठने विकलं, बुजवायचं घेणाऱ्याने ठरवलं, ठेकेदाराने पोकलेन तिथे लावली. मी नुसता केबिनमध्ये बसून हँडल ओढत होतो. मी नसतो तर दुसरा बसला असता. तू तीस वर्षं तिथे मीठ ओढलंस हे मला काय कळत नव्हतं? पण तू खाली उतरवून मारलंस आणि बघणारे हसले. ठेकेदार पण हसला. मी त्याच संध्याकाळी निघालो. आज हिमाचलमध्ये डोंगराच्या पोटात मशीन चालवतोय, बोगद्याचं काम आहे. सुट्टी मिळत नाही. मिळाली असती तर आलो असतो की नाही, ते विचारू नको.

पत्र त्यासाठी नाही. स्नेहल म्हणाली, घरात लादीवर लाल ठसे उमटतात. तू चाललास की मागे टाचेचा ठसा. तिने विचारलं तर म्हणालास पानाची पिंक सांडली असेल. बाबा, तू पान खातोस कधी? विडी ओढतोस तू. मग तिने पाय उलटा करून बघितला तर टाचेला चीर, एक रुपयाचं नाणं उभं राहील एवढी. आणि तू म्हणतोस, “मला काय झालेलं नाय. आगरातले पाय हायेत हे, दुखत नायत.”

दुखत नाहीत ते बरंच आहे. पण शुगर आहे तुला, सहा वर्षं झाली. गोळी आठवली की घेतोस, लग्न-हळदीला गेलास की विसरतोस. तेव्हा जखम उघडी ठेवू नको. डॉक्टरकडे तू जाणार नाहीस हे मला ठाऊक आहे. मग निदान आपलं घरचं कर. माझ्या पायात शिंपला घुसला होता तेव्हा तू काय केलं होतंस? घमेल्यात कढत पाणी, मूठभर जाडं मीठ, आणि माझा पाय धरून बसलास. मी बोंबलत होतो. तिसऱ्या दिवशी मी खाडीवर पोहायला गेलो. तसंच कर. रोज संध्याकाळी अर्धा तास. पाणी कोमट नको, चांगलं कडक घे, नाहीतर आतली घाण बाहेर येणार नाही.

एवढं एक ऐक माझं. बाकी टीव्ही बघ खुशाल.

प्रणित

३० मार्च

बाबा,

इथे आमच्या साइटवर दवाखान्याची एक पत्र्याची खोली आहे. त्यात उदयसिंह म्हणून कंपाउंडर बसतो. इथलाच डोंगराकडचा माणूस, पन्नाशीचा. सगळ्या ड्रायव्हर-ऑपरेटर लोकांची दर महिन्याला शुगर बघतो. माझं बोट टोचताना म्हणाला, घरात कोणाला आहे का. मी म्हटलं बापाला. आणि सहज सांगितलं, टाचेला चीर पडलीय पण दुखत नाही, मिठागरातला माणूस आहे, पाय दगड झालेत.

त्याने सुई खाली ठेवली. मग त्याने एकामागून एक विचारायला घेतलं. किती वर्षं शुगर. गोळी रोज घेतो का. विडी-सिगारेट. घरात-बाहेर पायात काही घालतो का. तळपायाला घट्टे आहेत का, ते ब्लेडने तासतो का. डोळ्यांना नीट दिसतं का, स्वतःचा तळपाय स्वतःला बघता येतो का. आधी कधी जखम होऊन बरी व्हायला वेळ लागला होता का. बाबा, मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून तुझं सगळं सांगत गेलो. दाढीच्या ब्लेडने घट्टे तासतोस तेही. चष्म्याचा नंबर वाढलाय तेही. मागच्या गणपतीत अंगठ्याचं नख उपटलं, ते दिवाळीपर्यंत ओलं होतं तेही. तो नुसता मान हलवत होता. शेवटी म्हणाला, तुझ्या बापाला वाटतंय पाय मजबूत आहेत म्हणून दुखत नाहीत. पाय मेलेत म्हणून दुखत नाहीत. साखरेने आतल्या नसा खाल्ल्या. माणसाला दुखलं तर माणूस पाय उचलतो. तुझ्या बापाला उचलायला सांगणारं कोणी राहिलं नाही.

मला त्याचा राग आला. पण त्याने एक परीक्षा सांगितली. माणसाला डोळे मिटायला लावायचे, आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांना बोटाने नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही. लागलं की त्याने सांगायचं, उजवा की डावा.

आज रविवार, म्हणून खाली बाजारात येऊन स्नेहलला फोन लावला. भामा आत्या बेलपाड्याहून आलेलीच होती. दोघींनी तुला खाटेवर झोपवून ते केलं, मी फोनवर ऐकत होतो. तू सहा वेळा म्हणालास, “लागला, लागला.” स्नेहलने फक्त चार वेळा हात लावला होता. आणि त्यातला पण उजवा-डावा तू दोनदा चुकलास. मग आत्या म्हणाली, परत करू, आणि या खेपेला तू एक डोळा उघडून बघत होतास. बाबा, माझ्या परीक्षेत मी कॉपी करायचो तर तू मला झोडायचास. ही कुठली कॉपी?

मग आत्याने फोन घेतला आणि मागच्या पडवीत गेली. मला म्हणाली, “तुझा बापूस चपला का घालत नाय, माहीत हाय का तुला?” मी म्हटलं, जन्मभर आगरात अनवाणी राहिला, सवय असेल. ती म्हणाली, “सवय तर चपला घालायचीच व्हती की रे, आगर सुटल्यावर.” मग तिने सांगितलं ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. मला चपलेने मारलंस, त्यानंतर दुसऱ्या पायातली पण काढलीस आणि दोन्ही त्या भरावात फेकल्यास. घरी अनवाणी आलास. आत्याने नवीन आणून दिल्या तर त्या पण परत दिल्यास. म्हणालास, ज्या पायातली काढून पोराला मारली, त्या पायात आता पोरगा घरी येईल तवाच घालीन.

दोन वर्षं, बाबा. डांबरावर, उन्हात, मच्छी मार्केटच्या खवल्यांतून. मला एक फोन नाही केलास.

उद्यापासून चप्पल घाल. मी सांगतोय. जुनी घाल, स्नेहलची घाल, काही पण घाल. रोज झोपायच्या आधी तिला तळपाय बघू दे. गोळी चुकवू नको. घट्ट्याला ब्लेड लावू नको. सोमवारी तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात जा.

आणि ते मी मागच्या पत्रात मिठाच्या कडक पाण्याचं लिहिलं होतं, ते उदयसिंह नको म्हणतो. ज्या पायाला कळत नाही तो गरम पाण्यात घालायचा नाही म्हणे. ते तू करत नसशीलच. तू माझं कधी काय ऐकलंयस? करत असशील तर बंद कर. स्नेहलला फोनवर हे बोललो नाही. शहाणपणा मीच शिकवलेला, ती हसली असती.

प्रणित

१३ एप्रिल

करत होतास.

माझं पत्र आलं त्या दिवसापासून, रोज. स्नेहल म्हणाली, संध्याकाळी सहा वाजले की स्वतः घमेलं घ्यायचास, स्वतः मीठ टाकायचास. ती गॅसवर पाणी ठेवायची आणि म्हणायची, बाबा फार तापलंय, तर तू म्हणायचास, “पोराने कडक म्हनलंय.” माझ्याशी दोन वर्षं बोलला नाहीस आणि माझ्या कागदावरची एक ओळ तेवढी पाळलीस. बाबा, बाकीच्या ओळी होत्या की. त्या पाळायच्या होत्यास. शिव्या घातल्या होत्या मी त्यात, त्या धरून बसायचास.

दुसऱ्या आठवड्यात एकदा तू पाय घालून बातम्या बघत बसलास आणि स्नेहल कपडे काढायला गच्चीवर गेली. खाली आली तर पाण्यात पांढरं काहीतरी तरंगत होतं. तिला वाटलं कांद्याचं साल. ते तुझ्या तळपायाचं कातडं होतं. तू तिच्याकडे बघून म्हणालास, पाणी निवलं वाटतं.

तिने मला लगेच सांगायला हवं होतं. तू तिला शप्पथ घातलीस. कशाला घातलीस ते मला कळतंय. पोराला कळलं तर पोराला वाटेल त्याच्यामुळे झालं, म्हणून. आठ दिवस हळद लावून फडकं गुंडाळून फिरलास. तिला वास आला तेव्हा तुला रिक्षात घालून पनवेलला नेलं. शुगर चारशे बारा.

मी तीस तारखेला फोनवर होतो, बाबा. ती समोर होती, तू समोर होतास, तुझ्या बोटांना हात लावत होते सगळे. कातडं गेलं ते एक तारखेला. दोन दिवस आधी मी फोनवर एक वाक्य बोललो असतो, गरम पाणी बंद करा. नाही बोललो. ती हसेल म्हणून. कागदावर लिहिलं आणि पाकिटात घातलं, आणि ते पाकीट तुझ्याकडे अकरा तारखेला पोचलं. आता मला वाटतं ती हसली असती तर काय झालं असतं.

उदयसिंहला काल सांगितलं, शेक मीच सांगितला होता. आधी सांगितलं नव्हतं त्याला. मला वाटलं तो ओरडेल. त्याने मला बसवलं, चहा दिला, आणि म्हणाला की त्याच्याकडे पायवाले जे जे येतात, त्यातले अर्धे असेच, कोणीतरी प्रेमाने शेकलेले. कोणी शेगडीजवळ बसवतं, कोणी गरम पाण्याची पिशवी लावतं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. मी त्यांच्या बापांना ओळखत नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या पायाला जाड दोरा टोचून बघितला म्हणे. स्नेहल म्हणाली, घोट्याच्या वर चार बोटं आल्यावर कुठे तुला लागलं आणि तू म्हणालास, हां. तेव्हा तूच घाबरलास. टीव्ही नसलेल्या खोलीत तू पहिल्यांदा काहीतरी ऐकलंस असं मला वाटलं.

माझ्याकडे लिहायला काही नाही. पाय जमिनीवर टेकवू नको. ते सांगतील तेच कर. माझं सांगितलेलं काहीच करू नको.

प्रणित

२७ एप्रिल

बाबा,

दोन बोटं काळी पडली असं स्नेहलने काल कळवलं. फोटो पाठवला होता, तो मी केबिनमध्ये बसून बघितला आणि मशीन बंद केली. सुपरवायझर खालून शिट्ट्या मारत होता. मी उतरलो नाही. नंतर उतरलो आणि सुट्टी मागितली. तो म्हणाला, तीन जण आधीच सुट्टीवर आहेत. मी म्हटलं, मग मला काढून टाका. त्याने मला शिवी घातली आणि सही केली.

आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आल्यावर तोंडावर सांगता येणार नाहीत म्हणून आधी लिहून टाकतो आणि फोटो काढून स्नेहलला पाठवतो, पोस्टाच्या आधी मीच पोचेन.

पहिली मिठागराची. ठेकेदाराने मशीन लावली तिथे मी चालवली असं मी लिहिलं होतं. खोटं आहे. त्याने मला रस्त्याकडचा तुकडा दिला होता. आपला तुकडा मीच मागून घेतला. दुसरा ऑपरेटर परप्रांतीय होता, त्याची मशीन मऊ चिखलात रुतली असती. मला तिथला प्रत्येक बांध माहीत होता, कुठे भक्कम, कुठे पोकळ. तूच दाखवलं होतंस, मी तुझी भाकरी घेऊन यायचो तेव्हा. मी ठेकेदाराला ऐटीत सांगितलं, हे आगर माझ्या बापाचं आहे, मला दे. तू बांधावर आलास तेव्हा त्याने तुला तेच सांगितलं असणार. म्हणून मारलंस. आता मला कळतं, मातीसाठी नाही मारलंस.

दुसरी दिवाळीची. मला सुट्टी मिळत नाही असं लिहिलं, तेही खोटं. मागच्या दिवाळीत मी पनवेलला आलो होतो. एसटी स्टँडवर उतरलो, हातात तुझ्यासाठी सदरा आणि अक्कल नसल्यासारखी बर्फी. समोरून तू रस्ता ओलांडत होतास, पिशवीत भाजी, पायात काही नाही. दुपारचा एक वाजला होता. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, हा गावाला दाखवत फिरतोय. पोरगा टाकून गेला, बापाच्या पायात चप्पल पण नाही, असं लोकांनी म्हणावं म्हणून. एवढा राग आला की मी वळलो. बर्फी एका रिक्षावाल्याला दिली आणि परत गेलो. घर वीस मिनिटांवर होतं. मी त्या दिवशी उंबऱ्यात पाय ठेवला असता तर तुझ्या पायात त्याच दिवशी चप्पल आली असती. चीर पडली नसती. पत्र लिहायची वेळ आली नसती.

हे सगळं मी कोणाला सांगितलेलं नाही. स्नेहल, तू हे वाचून दाखवताना थांबू नको.

डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून पायातलं रक्त ऐकलं ना? घोट्यापाशी येतो आवाज, पुढे येत नाही. विडीने नळ्या आवळल्यात. तुझ्या उशाखाली बंडल सापडलं म्हणे. बाबा, हॉस्पिटलात कोण आणून देतं तुला? शेजारच्या खाटेवरचा सुशांत देतो असं स्नेहल म्हणाली. त्याला सांग, मी येतोय आणि त्याचं नाव मला कळलंय.

मंगळवारी निघतो. गाडीत बसलो की कळवतो.

प्रणित

३० एप्रिल, बुधवार

बाबा,

हे पत्र पण पोस्टात टाकत नाही. फोटो काढून स्नेहलला पाठवतोय, ती आत्ताच वाचेल.

मी निघालो आणि अडकलो. परवाच्या पावसाने डोंगर रस्त्यावर आलाय. दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या आहेत. इथले म्हणतात चार दिवस, लष्कराची मशीन आली तर तीन. मी स्वतः जाऊन विचारलं, मला पोकलेन चालवता येते, एक द्या, मी उपसतो. त्यांनी हाकललं. मग चालत पलीकडे जायला बघितलं, वरून दगड येत होते, पोलिसाने कॉलर धरून मागे ओढलं. पलीकडे गेलो तरी शिमला, चंदीगड, पुढे रेल्वे. सोमवारच्या आत माझे पाय पनवेलला लागत नाहीत.

आणि ऑपरेशन शुक्रवारी आहे. डॉक्टरीणबाईंशी मी स्वतः बोललो. त्या म्हणाल्या, शुक्रवारी केलं तर बोटं आणि पुढचा पंजा जाईल, टाच राहील, टाचेवर माणूस चालतो. सोमवारपर्यंत पू वर चढला तर गुडघ्याखाली. त्याहून थांबलं तर पायाची गोष्टच राहणार नाही, माणसाची होईल. त्यांनी तुला पण हेच सांगितलं. आणि तू त्यांना म्हणालास, “पोरगा आला की टेबलावर चढीन. त्याच्याबिगर कागदावर अंगठा नाय देणार.”

असं करू नको, बाबा.

तुला वाटतंय तू माझी वाट बघतोयस. दोन वर्षं अनवाणी बघितलीस ना? त्याने मी आलो का? मी आलो ते स्टँडवरून परत गेलो. तुझ्या वाट बघण्याने माझे पाय ओढले जात नाहीत, तुझे तेवढे जातात. एकदा तू माझं ऐकलंस आणि पाय भाजलास. आता मी परत म्हणतोय ऐक, कुठल्या तोंडाने म्हणतोय ते मला ठाऊक आहे. पण दुसरं तोंड नाही माझ्याकडे. या खेपेला मी माझ्या मनाने सांगत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून सांगतोय, उदयसिंहला विचारून सांगतोय, दोघांचं एकच आहे. शुक्रवारी टेबलावर चढ.

मी नसेन. शुद्धीवर आलास की समोर स्नेहल असेल, आत्या असेल, मी नसेन. त्याचा राग धर. खूप धर. मी घरी आलो की हवं तर त्याच चार माणसांत परत मार, मी उभा राहीन. पण उभा राहून मारायला तुला टाच तरी लागेल.

मला भीती वाटते हे लिहितोय. इथे रस्त्यात गाडीच्या टायरला टेकून बसलोय, आजूबाजूचे पत्ते खेळतायत, मला कोणाशी बोलता येत नाही. मी सारखा तुझा पाय आठवायला बघतो, चांगला होता तेव्हाचा, आणि मला तो आठवत नाही. तू बसलेला आठवतो, चेहरा आठवतो, पाय नाही. मी कधी बघितलाच नव्हता. उदयसिंह रोज बघा म्हणाला, तो आम्ही आयुष्यात एकदा पण बघितला नाही.

स्नेहल, बाबांचा अंगठा शाई लावून ऑपरेशनच्या कागदावर टेकव आणि मला फोटो पाठव. मी झोपणार नाही तोवर.

अजून एक काम केलं. हॉस्पिटलच्या मागे केतन म्हणून एकजण शुगरवाल्यांच्या चपला बनवतो, आत मऊ रबर, वरून रुंद पट्टा, पायाच्या मापाप्रमाणे. डॉक्टरीणबाईंनी त्याचा नंबर दिला. त्याला सांगितलं, डाव्याचं माप आजच घे, उजव्याचं जखम भरल्यावर, पुढे रबर भरून. तो म्हणाला, भाऊ, घाई करू नका, आधी ऑपरेशन होऊ द्या, काय उरतं ते बघू, पुष्कळांना नंतर एकाच पायाची लागते, जोडीचे पैसे फुकट जातात. मी विचारलं एकाची किती. म्हणाला नऊशे.

मी त्याला आत्ताच पाठवलेत. अठराशे रुपये.